डोलणाऱ्या रसायनांचं किट: डब्याला साडेतीन स्टार, तिसऱ्या डिशला पाच

घ्यायचं की नाही हे पहिलंच सांगून टाकतो म्हणजे घाईवाले सुटतील. आपोआप लाल-निळं-लाल असं डोलत राहणारी रिॲक्शन करून बघायचं हे किट घ्या, पण डब्यावर जे छापलंय त्यासाठी घेऊ नका. डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात आहे "रंग बदलणारी जादू, फक्त १५ मिनिटात" आणि नुसती जादूच दाखवायची तर हळद आणि चुन्याची निवळी बरी, फुकटात होते. ह्या डब्यातला खरा माल म्हणजे कोपऱ्यात झिपलॉक पुडीत टाकलेले बारीक मणी, आणि नेमकं त्यालाच पुस्तिकेत जेमतेम अर्धं पान दिलंय.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण पुढे कौतुक पण आहे आणि शिव्या पण आहेत, उगाच भानगड नको. मी देवगड आणि मालवणच्या मधे खाडीकाठच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवतो, नववी-दहावीच्या पोरांचा विज्ञान मंडळाचा तास असतो त्यासाठी मागवलं. २,४५० रुपये, शिपिंग वेगळं. डब्यात पोटॅशियम ब्रोमेट, मॅलोनिक ॲसिड आणि सोडियम ब्रोमाइडच्या वजन केलेल्या पुड्या, फेरॉइनची (लाल-निळा रंग दाखवणारं रसायन) छोटी बाटली, मॅग्नेटिक स्टरर (चुंबकाने ढवळणारं यंत्र), तीन पेट्री डिश (उथळ ताटल्या), ती मण्यांची पुडी, पुस्तिका आणि एक क्यूआर कोड. सल्फ्युरिक ॲसिड नाही, ते कुरिअरने पाठवतच नाहीत, त्यामुळे शाळेची लॅब हाताशी नसेल तर हे किट तुमच्या कामाचं नाही हे डब्यावर ठळक लिहायला हवं होतं, आत पान ६ वर बारीक टाईपात लिहून काय उपयोग. गॉगल एकच दिलाय आणि तो पण खेळण्यातला वाटतो. घरी पोराच्या वाढदिवसाला म्हणून मागवणाऱ्यांनी इथेच थांबा.

डिलिव्हरीबद्दल फार लिहीत नाही. आमचा पिनकोड टाकला की कोणीही कुरिअरवाला कणकवलीपर्यंतच येतो आणि मग फोन करून "या घेऊन" म्हणतो. पहिल्या डब्यात फेरॉइनची बाटली फुटलेली, पुस्तिका सगळी लालभडक. फोटो पाठवल्यावर न कुरकुरता दुसरी बाटली पाठवली, त्याबद्दल त्यांना मार्क.

आता पाणी. हे नीट वाचा कारण आपल्या कोकणातल्या लोकांचं किट इथेच मरणार आहे. पुस्तिका म्हणते "स्वच्छ पिण्याचे पाणी वापरा". आमच्याकडे खाडीलगतच्या विहिरी चैत्र संपला की मचूळ व्हायला लागतात, चहा केला की जिभेला कळतं, म्हणजे त्यात मिठाचा अंश आहे, म्हणजे क्लोराइड. आणि ही रिॲक्शन क्लोराइडला एक नंबर घाबरते. ह्यात ब्रोमस ॲसिड नावाचा एक पदार्थ स्वतःच स्वतःला वाढवत सुटतो, सगळा खेळ त्याच्यावर आहे, आणि क्लोराइड नेमकं तिथेच पाचर मारतं. मग काय होतं, तर काहीच होत नाही, बीकर लालच्या लाल बसून राहतो. नळाला क्लोरिनवालं पाणी येत असेल तर तेही नको. शाळेत सिल्व्हर नायट्रेट असतंच, पाण्यात एक थेंब टाका, पांढरा साका आला की ते पाणी बाद. गॅरेजमधे बॅटरीत टाकायला जे डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मिळतात ते आणा आणि त्यालाही आधी हीच टेस्ट करा, आमच्या कॅनचं पाणी पास झालं. आणि भांडी पण त्याच पाण्याने विसळा, मचूळ पाण्याने धुतलेला बीकर नुसता पुसून घेतलात तरी गडबड होऊ शकते. एवढी महत्त्वाची गोष्ट पुस्तिकेत नाही. मुंबई-पुण्यात बसून लिहिलेली दिसतेय.

पहिला प्रयोग सोपा. ॲसिडात ब्रोमेट, मग मॅलोनिक, मग ब्रोमाइड, पिवळट-तपकिरी रंग येतो तो ब्रोमिनचा, वास घशाला लागतो म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवा, रंग जाऊन पाणी परत नितळ झालं की मग फेरॉइन. स्टरर चालू. आणि मग ते लाल होतं, थोड्या वेळाने एकदम निळं, परत लाल, परत निळं, सगळा बीकर एका दमात. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्यां परत तांबडां झालां!" आणि हा आवाज पुढे बराच वेळ येत राहिला. आपल्याकडे उकाड्यात हे भराभर चालतं, ३३-३४ डिग्रीला पुस्तिकेतल्या वेळेच्या निम्म्यात एक फेरा होतो, त्यामुळे पुस्तिकेतला टाईमिंगचा तक्ता सरळ फाडून टाका. शक्यतो सकाळच्या शाळेत करा.

खरी मजा आली ती लाइट गेल्यावर. स्टरर अडॅप्टरवर चालतो, बॅटरी नाही, त्यामुळे लाइट गेली की ढवळणं बंद. आधी मी वैतागलो, पण बीकरकडे बघितलं तर जे इतका वेळ एकसाथ लाल-निळं होत होतं त्याची शिस्त मोडायला लागली, एका काठाशी निळं आधी आलं, तळाशी नंतर, मग पट्टे चढायला लागले. रसायनं तीच, भांडं तेच, फक्त ढवळणारा गेला. ढवळताना प्रत्येक थेंबाला प्रत्येक थेंबाची खबर लागत होती म्हणून सगळे एका तालात होते, आता खबर फक्त शेजाऱ्याला, ती पण झिरपत झिरपत. रिॲक्शन-डिफ्यूजन म्हणजे हेच, जागच्या जागी रिॲक्शन आणि शेजाऱ्याकडे झिरपणं, बाकी सगळी गणितं ह्याच्यावर उभी आहेत. हा प्रयोग पुस्तिकेत नाही! "आता स्टरर बंद करा आणि बघत बसा" एवढी एक ओळ टाकली असती तरी चाललं असतं.

इतिहास पण एका वाक्यात उरकलाय, "रशियन शास्त्रज्ञांनी शोध लावला" म्हणे. अरे त्या बोरिस बेलूसॉवची गोष्ट सांगा ना पोरांना. १९५१ साली त्याने हे लिहून पाठवलं तर संपादकांनी परत केलं, असं होणंच शक्य नाही म्हणून, कारण तेव्हाची समजूत अशी की रिॲक्शन एका दिशेने जाते आणि संपते, मागेपुढे डोलत नाही. शेवटी १९५९ मधे रेडिएशन मेडिसिनच्या कुठल्याशा संग्रहात एक छोटं टिपण छापून आलं जे फारसं कोणी वाचलं नाही. मग १९६१ पासून झाबोटिन्स्की नावाच्या तरुण विद्यार्थ्याने ते नेटाने पुढे नेलं. १९८० ला लेनिन पुरस्कार मिळाला तेव्हा बेलूसॉव जाऊन दहा वर्षं झालेली. आणि संपादकांची शंका पण अगदीच खुळी नव्हती, बरं का. एकूण हिशेब एकाच दिशेने जातो, ब्रोमेट आणि मॅलोनिक ॲसिड संपतच जातात, डोलतात ते फक्त मधले पदार्थ, आणि माल संपला की डोलणं थांबतं. एका मुलीने विचारलं "सर, ह्यां थांबतलां कधी?" तर उत्तर हेच, तास-दीड तास थांब, थांबेल. हा सगळा हिशेब फील्ड, कोरोस आणि नॉयस ह्या तिघांनी १९७२ मधे पायरी पायरीने मांडला.

दुसरा प्रयोग म्हणजे तेच द्रावण पेट्री डिशमधे पातळ ओतायचं. इथे पुस्तिकेत घोडचूक आहे, "२० मिली ओता" लिहिलंय. डिश ९ सेंटीमीटरची आहे, त्यात २० मिली म्हणजे ३ मिलिमीटर जाड थर होतो आणि आतल्या आत पाणी फिरून सगळी नक्षी विस्कटते. ७ मिली पुरे, साधारण एक मिलिमीटर. झाकण ठेवा आणि पंखा बंद करा, हो, मे महिन्यात पंखा बंद, सगळे घामाने निथळत बसलो होतो पण वाऱ्याने नक्षी हलते त्याला इलाज नाही.

दोन-चार मिनिटं नुसतं लाल. मग कुठेतरी एक निळा ठिपका, बहुतेक एखाद्या धुळीच्या कणापाशी किंवा ओरखड्यापाशी. ठिपक्याचं कडं होतं, कडं पसरतं, आत परत लाल आणि त्यात परत नवीन निळा ठिपका, असं करत एकात एक कडी, आणि डिशमधे अशी चार-पाच केंद्रं. पोरांना वाटलं पाण्यावरचे तरंग. पण दोन तरंग एकमेकांतून आरपार जातात आणि ही कडी भिडली की दोघं मरतात, तिथे एक कोनेरी शिवण राहते. सड्यावरचं सुकं गवत पेटलेलं ज्याने बघितलंय त्याला हे समजावायला लागत नाही, जाळ पुढे सरकतो, मागे जळलेलं काळं राहतं, तिथे परत गवत आल्याशिवाय परत पेटत नाही, आणि दोन बाजूंनी आलेले जाळ समोरासमोर आले की विझतात. डिशमधे "गवत परत यायला" मिनिटाच्या आसपास लागतं एवढाच फरक.

आणि हे नुसतं झिरपणं नाही हे पोरांकडून आकडे काढून करून घ्या, लय भारी बसतं डोक्यात. छोटा रेणू पाण्यात आपला आपण भटकत एक मिलिमीटर जायला साधारण आठ-दहा मिनिटं घेतो, आणि अंतर दहापट केलं की वेळ शंभरपट, म्हणजे एक सेंटीमीटरला अर्ध्या दिवसाच्या वर. पण आमच्या डिशमधली निळी कड मिनिटाला काही मिलिमीटर चालली होती, पट्टी ठेवून मोजलंय. कारण कडेवरचा प्रत्येक बिंदू स्वतः पेटून पुढच्याला पेटवतो, एकाच रेणूने सगळं अंतर चालायचं नाहीये.

कडं मधेच तोडलंत तर आणखी मजा. स्वच्छ तारेचं टोक कड्यातून अलगद ओढा, तुटलेली टोकं आत वळतात आणि चकली... नको, फिरकी म्हणतो, फिरकी तयार होते आणि ती मग स्वतःच फिरत राहते, बाकीच्या कड्यांना हळूहळू ढकलून जागा बळकावते. हृदयाच्या स्नायूतून जी विजेची लाट जाते ती पण अशीच, आणि ती अशी फिरकी घेऊन बसली की ठोके बिघडतात, फिरकीचे तुकडे तुकडे झाले की ते फिब्रिलेशन, माणूस मिनिटांत जातो. सिनेमात छातीवर इस्त्रीसारखं काहीतरी ठेवून शॉक देतात ना, ते सगळ्या स्नायूला एकदम एकाच अवस्थेत आणण्यासाठी. डिश हलवून बघा, सगळं पुसलं जातं आणि पहिल्यापासून सुरू. आर्थर विन्फ्री नावाच्या माणसाने १९७२ साली ह्या फिरक्यांवर लिहिलं आणि पुढे हृदयाच्या ठोक्यांमागेच लागला. पुस्तिकेत ह्यातलं एक अक्षर नाही.

त्याऐवजी काय आहे तर "हे ट्युरिंग पॅटर्न होत." नाहीत हो! ॲलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने १९५२ मधे जे मांडलं ते थांबलेले ठिपके आणि पट्टे, जागेवरचे, न हलणारे. त्याला अट अशी की दाबणारा पदार्थ वाढवणाऱ्यापेक्षा बराच जोरात पसरला पाहिजे, म्हणजे मधे ठिपका वाढतो आणि आजूबाजूला दुसऱ्याला उगवू देत नाही. पाण्यात सगळे छोटे रेणू जवळपास सारख्याच वेगाने पसरतात म्हणून हे प्रत्यक्ष करून दाखवायला १९९० उजाडलं, फ्रान्समधे बोर्दोला, क्लोराइट-आयोडाइड-मॅलोनिक ॲसिडच्या रिॲक्शनमधे, जेलमधे. आणि ते जमलं कशामुळे, तर स्टार्चमुळे! रंग नीट दिसावा म्हणून घातलेल्या स्टार्चने आयोडाइडला धरून ठेवलं आणि वाढवणारा आपोआप हळू झाला. आपल्या डिशमधली कडी पळतायत, म्हणजे ती लाट आहे, ट्युरिंग नाही. मालवणला स्नॉर्कलिंग केलेल्या पोरांना पट्टेवाले मासे माहीत असतात, त्यांना ट्युरिंग सांगायचा तर एंजलफिशचा सांगा. १९९५ ला जपानमधे कोंडो आणि असाई ह्या दोघांनी दाखवलं की मासा वाढतो तसे पट्टे ताणून रुंद होत नाहीत, मधे नवीन पट्टे येतात आणि दोन पट्ट्यांतलं अंतर जवळपास तेवढंच राहतं. मागच्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा मासा बघून कळणारी गोष्ट आहे. २,४५० रुपयांच्या पुस्तिकेत ही गल्लत बघून डोकं फिरलं, अर्धा स्टार इथे कापला.

आता तिसरी डिश.

हे मणी म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनमधे जे रेझिन असतं त्यातलाच प्रकार, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे. फेरॉइनच्या द्रावणात रात्रभर ठेवले की ते फेरॉइन शोषून लाल होतात आणि सहजी सोडत नाहीत. मग डिशमधे फेरॉइन न घातलेलं बाकीचं द्रावण ओतायचं आणि त्यात हे मणी पसरायचे. म्हणजे रिॲक्शन डोलते ती फक्त मण्यात, आजूबाजूच्या पाण्यात नाही. प्रत्येक मणी स्वतःचं घड्याळ. कोणी मोठा कोणी बारीक, कोणी फेरॉइन जास्त प्यालेला कोणी कमी, त्यामुळे प्रत्येकाचा ठेका थोडा वेगळा. आणि प्रत्येक मणी निळा झाला की त्यातलं थोडं ब्रोमस ॲसिड बाहेर झिरपतं, शेजारचा मणी तयारच असेल तर तो पेटतो.

नुसत्या डोळ्यांनी बघायला कठीण, मोबाईलला ती क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून वरून टाईमलॅप्स घ्या. आम्ही तो व्हिडिओ प्रोजेक्टरवर जोरात पळवला आणि प्रत्येक पोराला एक एक मणी वाटून दिला, तुझा मणी निळा झाला की पेन्सिलीने बाक वाजवायचा. पहिली डिश अशी की मणी सगळे एकमेकांपासून तीन-चार मिलिमीटर लांब. वर्गात नुसता पत्र्यावरचा पाऊस, कोणाचा कोणाला पत्ता नाही. दुसऱ्यांदा सगळे मणी टूथपिकने मधे ढकलून एकमेकांना चिकटवले. ठाक. ठाक. ठाक. सगळा वर्ग एकत्र, आणि नीट ऐकलं तर एका बाजूची पोरं नखभर आधी, दुसऱ्या बाजूची नखभर नंतर, कारण सगळ्यात जलद मणी म्होरक्या होतो आणि लाट त्याच्यापासून निघते.

आणि मग तिसरी मांडणी, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, काही मणी जवळ, काही जरा लांब, काही एकटे, आपण मुद्दाम काही न ठरवता पुडी उपडी करावी तसे. आता जे ऐकू येतं ते धड गोंधळ पण नाही आणि धड ताल पण नाही. डावीकडच्या सात-आठ पोरांचा ठोका एकत्र पडतोय, मधल्या चौघांचा वेगळा पण आपापसात एकत्र, मागच्या बाकावरचा एकटा आपल्याच नादात, आणि एक मणी असा सापडला की शेजाऱ्याचे दोन ठोके झाले की ह्याचा एक. ज्याचा मणी एकटा त्या पोराला वाटलं आपलं चुकतंय, तो बिचारा शेजाऱ्याबरोबर वाजवायला लागला, त्याला सांगावं लागलं की बाबा तू तुझ्या मण्याकडे बघ, इतरांकडे नको.

ह्याला म्हणतात अर्धवट जुळणी, पार्शल सिंक्रोनायझेशन. पुस्तिकेत लिहिलंय "मणी एकत्र चमकतात किंवा चमकत नाहीत", म्हणजे दोनच शक्यता, आणि खरी मेख नेमकी ह्या दोघांच्या मधे आहे. योशिकी कुरामोटो ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९७५ मधे ह्याचं सोपं मॉडेल दिलं. वेगवेगळ्या ठेक्याची पुष्कळ घड्याळं घ्या, प्रत्येकाला बाकीच्यांचा थोडा थोडा ओढा लावा. ओढा एका मर्यादेच्या खाली असेल तर कोणीच कोणाचं ऐकत नाही. मर्यादा ओलांडली की ज्यांचे ठेके सरासरीच्या जवळ आहेत ते आधी जुळतात, फार जलद आणि फार हळू असलेले तसेच भरकटत राहतात, आणि ओढा वाढवत नेला की तेही एकेक करून ओढले जातात. कुरामोटोच्या मॉडेलमधे सगळे सगळ्यांना ओढतात आणि आपल्या डिशमधे फक्त शेजारी शेजाऱ्याला, त्यामुळे इथे एकच मोठा गट न होता जागोजागी छोटे गट होतात. २००९ मधे तर सुमारे १,००,००० मणी एकदम ढवळून बघितलेत, त्यात असं दिसलं की मण्यांची आणि पाण्याची देवाणघेवाण मंद असेल तर जुळणी हळूहळू येते, आणि देवाणघेवाण जोरात असेल तर मण्यांची संख्या एका आकड्याच्या वर गेली की सगळे एकदम डोलायला लागतात, त्याच्या खाली सगळे गप्प.

रोहिणी-मृगाच्या सुमारास आमच्या इथे एखाद्या झाडावर काजवे असे चमकतात की अख्खं झाड पेटतं-विझतं आणि पलीकडच्या झाडावरचे आपले स्वतंत्र, हे पोरांनीच काढलं, मला सुचवावं लागलं नाही. काजव्यांत निरोप उजेडाने जातो, मण्यांत ॲसिडाने, आणि त्यामुळे कोणाला कोण दिसतं हे बदलतं, पण गटागटाने जुळायचा प्रकार तोच.

आता डब्यावरचा दुसरा दावा. मागच्या बाजूला लिहिलंय "कायमेरा अवस्था घरच्या घरी पहा". साफ थाप. कायमेरा म्हणजे मणी सगळे एकसारखे, ओढा सगळ्यांना एकसारखा, आणि तरीही अर्धे जुळतात आणि अर्धे विस्कटतात. धक्का त्या "एकसारखे" मधे आहे. कुरामोटो आणि बॅटोग्टोख ह्यांनी २००२ मधे हे गणितात दाखवलं, २००४ मधे एब्रम्स आणि स्ट्रोगॅट्झ ह्यांनी त्या ग्रीक पुराणातल्या सिंह-बकरी-सापाच्या प्राण्यावरून नाव दिलं, आणि प्रत्यक्ष प्रयोगात दिसायला २०१२ उजाडलं. त्यातल्या एका प्रयोगात असेच मणी होते पण उजेडाने बदलणारं रुथेनियम धातूचं रसायन घातलेले, आणि कोणाला किती ओढा द्यायचा हे कॉम्प्युटर मोजून प्रत्येक मण्यावर तेवढा उजेड पाडत होता. आपल्या पुडीतले मणी मुळातच लहानमोठे, त्यात कोणी मागे राहिला तर त्यात नवल काय? दिसतं ते सुंदर आहे, पण ते कायमेरा नाही. घरी खरंच जवळपास जायचं असेल तर मेट्रोनोम (गाण्याचा ताल धरायला टिकटिक करणारं यंत्र) घ्या, २०१३ मधे दोन झोपाळ्यांवर मेट्रोनोम ठेवून, झोपाळे स्प्रिंगने जोडून ते दाखवलंय, आणि झोपाळा कोकणात कोणाकडे नसतो?

क्यूआर कोडवरचं ॲप फालतू आहे, जुन्या फोनवर बंद पडतं आणि स्लायडरना नावंच नाहीत, नुसतं "हलवून बघा". आतमधे ग्रे-स्कॉट मॉडेल (रिॲक्शन-डिफ्यूजनचं एक सोपं गणित) आहे हे मला नक्षी बघून कळलं, पोराला कसं कळणार. त्यापेक्षा शाळेच्या कॉम्प्युटरवर रेडी नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, ग्रे-स्कॉट त्यात तयार मिळतं. माल आत येण्याचा वेग ०.०३६७ आणि बाहेर जाण्याचा ०.०६४९ ठेवला की ठिपके पेशींसारखे दुभंगत जातात, ०.०५४५ आणि ०.०६२ केला की पोवळ्यासारखी नक्षी. आकड्यात एवढासा फरक आणि चित्र पार वेगळं. पिअरसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९९३ मधे असे आकडे बदलून बदलून नक्ष्यांचा आख्खा नकाशाच काढला होता.

काळजीच्या दोन गोष्टी. ब्रोमेट विषारी आहे आणि जोरदार ऑक्सिडायझर आहे, एकेकाळी पावाच्या मैद्यात घालायचे, भारतात २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा पुडी पोरांच्या हातात देऊ नका, हातमोजे लागतातच. उरलेलं द्रावण खाडीत किंवा मोरीत ओतू नका, आधी सोडियम बायसल्फाइट, मग फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि मग भरपूर पाणी. आणि पावसाळ्याआधी वापरून टाका, सोडियम ब्रोमाइड हवेतली ओल ओढून घेतं, आमची एक पुडी जुलैत उघडली तर आत ढेकूळ झालेलं.

किंमत जास्त आहे का? रसायनं सुटी घेतली तर बरीच स्वस्त पडतील, स्टरर मात्र वेगळा घ्यायला गेलात तर महागात जाईल. ज्यांच्या शाळेत स्टरर आहे त्यांनी रसायनं आणि रेझिन सुटं घ्यावं, बाकीच्यांनी डबा घ्यावा, पुस्तिका बाजूला ठेवावी आणि निम्मा वेळ तिसऱ्या डिशला द्यावा. मणी फेकू नका, डिस्टिल्ड पाण्याने धुवून पाण्यातच ठेवले तर परत चालतात, रंग फिका पडला की परत फेरॉइनमधे बुडवायचे.

आमच्या दोन डिश पोरांनी सांडल्यामुळे मणी कमी पडले, म्हणून कस्टमर केअरला फोन केला की मण्यांचं रिफिल वेगळं मिळतं का. पलीकडची मुलगी म्हणाली, "कोणते मणी सर? आपल्या किटमध्ये मणी येतात?" मग होल्डवर ठेवलं, मग कोणालातरी विचारून आली आणि म्हणाली लिस्टमधे नाही पण १८० रुपयाला पाठवू. दोन पुड्या सांगितल्यात. कणकवलीवरून फोन आला की जाऊन आणायच्या.